धातू मेंदूपर्यंत पोहोचू नये म्हणून : गोव्यातील विहीर, गोदी आणि जुन्या घरांसाठी मार्गदर्शन

उन्हाळ्याच्या अखेरीस, विहिरीने तळ गाठलेला असताना, डिचोली किंवा सांगे तालुक्यातील एखाद्या घरी पांढऱ्या बादलीत पाणी काढावे, तिच्यावर पातळ फडके बांधावे आणि ती रात्रभर एका जागी ठेवावी. काढताना पाणी नितळ दिसते. सकाळी मात्र अनेकदा तळाशी विटकरी रंगाचा पातळ थर बसलेला असतो, आणि तीच बादली आठवडाभर न घासता वापरली तर पाण्याच्या रेषेवर एक काळपट कडेही उमटू शकते. विटकरी थर लोहाचा असतो, काळपट कडे बहुधा मँगनीजचे. तांबड्या पाण्याची तक्रार आमच्याकडे सगळेच करतात, कारण त्याने कपडे खराब होतात. काळ्या कड्याकडे कोणी लक्ष देत नाही. मेंदूचा विचार करायचा असेल, तर आधी लक्ष द्यायला हवे ते त्या काळ्या कड्याकडे.

मी अनेक वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवले. माझे थोरले बंधू जुवारीच्या काठावरील एका गोदीत बार्जच्या, म्हणजे सपाट मालवाहू बोटींच्या, पत्र्यांचे वेल्डिंग करीत असत. डोळ्यांसाठी त्यांना काच मिळाली, श्वासासाठी नाकावर बांधलेल्या रुमालाखेरीज काहीच मिळाले नाही. त्यांची सही वर्षागणिक लहान होत गेली आणि शेवटी बँकेने ती जुळत नसल्याचे सांगून चेक परत केला, तेव्हा आम्ही प्रथम डॉक्टरांकडे गेलो. तोपर्यंत बराच उशीर झाला होता. या लेखातील सूचना मी तेव्हापासून वाचत, विचारत आणि स्वतःच्या घरी करून पाहत जमवल्या आहेत.

पेशीत काय बिघडते

लोह, तांबे, जस्त आणि मँगनीज हे धातू शरीराला अल्प प्रमाणात लागतात. शिसे आणि पारा यांचा शरीराला कसलाही उपयोग नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्यातला जवळजवळ पाचवा भाग एकट्या मेंदूला लागतो. एवढ्या ज्वलनातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतच असते, आणि मोकळे लोह त्याला भेटले की हायड्रॉक्सिल नावाचा अतिशय आक्रमक कण निर्माण होतो, जो पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ जाळत सुटतो. ही आच विझवण्यासाठी पेशीकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. धातूचा मारा सतत चालू राहिला की तो साठा संपतो. त्वचेची पेशी मेली तर नवी येते. मेंदूतील चेतापेशींच्या बाबतीत तशी भरपाई जवळजवळ होत नाही.

प्रत्येक धातूची आत शिरण्याची रीत वेगळी आहे. शिसे कॅल्शियमचे सोंग घेऊन शिरते आणि दोन चेतापेशींमधील संदेशवहन बिघडवते, म्हणून वाढत्या मुलाच्या शिकण्यावर त्याचा घाव सर्वात खोल असतो. माशांतला मिथिल-पारा सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटून मेथिओनीनसारखा दिसू लागतो, आणि मेंदूभोवतीचे पहारे त्याला अन्न समजून आत सोडतात. मँगनीज मेंदूच्या तळाशी असलेल्या, हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रकांत साचतो आणि पेशींतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, बंद पाडतो. मँगनीजचे खनिज दळणाऱ्या स्कॉटलंडमधील कामगारांत जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये हा विकार नोंदवला, म्हणजे ही माहिती जवळपास दोनशे वर्षे जुनी आहे.

पुढचे सगळे उपाय एका गोष्टीवर उभे आहेत. अन्नातून आलेल्या मँगनीजपैकी आतडे थोडाच भाग शोषते आणि त्यातला जास्तीचा भाग यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. श्वासातून आलेला मँगनीज फुप्फुसातून थेट रक्तात उतरतो आणि यकृताला गाठण्याआधीच मेंदूकडे जाऊ शकतो. नाकातील गंधाच्या मज्जातंतूवाटेही तो मेंदूत पोहोचतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा धातू किती आहे याइतकेच तो कोणत्या दाराने येतो हेही पाहावे लागते, आणि संरक्षण करायचे ते त्या दारातच. एकदा मेंदूत साचलेला धातू भरवशाने धुऊन काढणारे औषध आज उपलब्ध नाही.

आपल्या घराचे दार कोणते

पहिली पायरी कागद-पेन्सिलची आहे. घरातील प्रत्येक माणसाच्या नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात : तो कोणते पाणी पितो, कोणते काम करतो, किती जुन्या घरात राहतो आणि आठवड्यात कोणता मासा किती वेळा खातो. गोव्यात या चार उत्तरांतून बहुतेक धोका उघड होतो. डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या पट्ट्यात लोहखनिज आहे, आणि दक्षिणेकडे रिवणच्या बाजूला मँगनीजचे खनिजही निघत आले आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचे नूतनीकरण रद्द केले, आणि पुढे लिलाव होऊन काही पट्ट्यांत काम पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात खंदकांत पाणी साचतच राहिले आणि टाकाऊ मातीचे ढीग पावसात धुपतच राहिले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ट्रकांच्या रस्त्यालगतच्या पानांवर बसते ती तांबडी धूळ प्रामुख्याने लोहाच्या ऑक्साइडची असते आणि तिचा पहिला शत्रू मेंदू नव्हे, फुप्फुस आहे, विशेषतः तिच्यात सिलिका असेल तेव्हा. ती टाळायचीच आहे. पण तांबडी धूळ दिसली की मेंदूची भीती आणि दिसली नाही की निर्धास्त, असा हिशेब चुकीचा ठरतो. मेंदूला घातक ठरणारे धातू बहुधा डोळ्यांना दिसत नाहीत.

विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी

ज्यांच्याकडे पाणी विहिरीचे किंवा कूपनलिकेचे आहे, त्यांनी त्याची धातूंसाठी वेगळी चाचणी करून घ्यावी. पिण्यायोग्यतेच्या नेहमीच्या चाचणीत जंतू, क्षार आणि कठीणपणा पाहतात. मँगनीज आणि शिसे स्वतंत्रपणे सांगावे लागतात. भारतीय मानक १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीनुसार मँगनीजची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ०.३ पर्यंत चालवून घेतात. शिशासाठी मर्यादा ०.०१ आणि पाऱ्यासाठी ०.००१ मिलिग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मँगनीजसाठी ०.०८ मिलिग्रॅम हे तात्पुरते मूल्य ठरवले, आणि तेही बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना समोर ठेवून. म्हणून घरात तान्हे बाळ असेल तर ०.३ ची सवलत मी माझ्या घरी धरणार नाही.

नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या, आम्ल घातलेल्या बाटलीतच घ्यावा, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि आकडा खोटा कमी येतो. विहिरीचे पाणी तपासायचे असेल तर पंप पाच-दहा मिनिटे चालवून मग नमुना घ्यावा. नळातील शिशाचा संशय असेल, म्हणजे पितळी तोट्या किंवा जुने पीव्हीसी नळ असतील, तर उलट करावे : पहाटे कोणी नळ उघडण्याआधीची पहिली धार घ्यावी. एक चाचणी मे महिन्यात आणि एक पावसाळ्यानंतर केली, तर वर्षाचे चित्र मिळते. खोल, प्राणवायू नसलेल्या पाण्यात मँगनीज अधिक विरघळतो, म्हणून तळ गाठलेल्या विहिरीचा आकडा अनेकदा जास्त असतो.

आकडा जास्त आला तर काय करावे, याबद्दल गैरसमज फार आहेत. पाणी उकळल्याने धातू जात नाही. वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. अतिनील दिव्याचा शुद्धक जंतू मारतो, धातूला हात लावत नाही. पाणी उंचावरून ओतून, रात्रभर ठेवून, वाळूतून गाळले तर लोह बऱ्यापैकी निघते, पण मँगनीजचे ऑक्सीकरण सामान्य पाण्यात फार सावकाश होते आणि तो तसाच पुढे जातो; त्यासाठी मँगनीज डायऑक्साइडचा थर दिलेल्या माध्यमाची गाळणी लागते. आरओ यंत्र हे धातू काढते, पण लोहयुक्त पाणी थेट सोडले तर त्याचा पडदा लवकर तुंबतो, म्हणून आधी लोहाची गाळणी आणि मग आरओ असा क्रम ठेवावा. यंत्र बसवल्यावर महिन्याने त्याच्यातून बाहेर येणारे पाणी पुन्हा तपासावे. आमच्या घरी विक्रेत्याने दाखवलेले हातातले मीटर फक्त एकूण क्षार मोजत होते. त्या मीटरवर आकडा कमी आला म्हणजे शिसे गेले, असे होत नाही. आणि हे सगळे होईपर्यंत तान्ह्या बाळाची दूधभुकटी विहिरीच्या पाण्यात कालवू नये. भुकटीत मँगनीज मुळातच घातलेला असतो, आणि नवजात बाळाला तो बाहेर टाकण्याची शक्ती अजून आलेली नसते.

वेल्डिंगचा धूर

गोव्यातील प्रौढ माणसाच्या मेंदूला मँगनीजचा सर्वात मोठा धोका कोठे असेल, तर तो मांडवी आणि जुवारीच्या काठांवरील गोद्यांत, वास्कोच्या बाजूच्या कार्यशाळांत आणि गावोगावच्या ग्रीलच्या दुकानांत आहे. साध्या पोलादाच्या वेल्डिंग रॉडमध्ये मँगनीज असतोच. ठिणगीच्या उष्णतेने धातूची वाफ होते आणि थंड होताना तिचे एका मायक्रॉनहूनही बारीक कण बनतात, जे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने, एसीजीआयएचने, २०१३ मध्ये अशा श्वसनयोग्य मँगनीजची मर्यादा घनमीटरला ०.०२ मिलिग्रॅम इतकी खाली आणली. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोलीत एकूण १.२ मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या मोजक्या कणांएवढा मँगनीज तरंगत असला की ती मर्यादा गाठली जाते.

पहिला उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे डोके धुराच्या बाहेर ठेवणे. बहुतेक वेल्डर सांधा नीट दिसावा म्हणून त्यावर ओणवतात आणि वर उठणारा धूर सरळ चेहऱ्याच्या काचेखाली शिरतो. कामाची उंची वाढवावी, बाजूने वाकावे, आणि वारा एका कुशीवरून दुसऱ्या कुशीकडे वाहील असे उभे राहावे; वारा पाठीमागून आला तर धूर छातीपुढेच घुटमळतो. दुसरा उपाय धूर जागीच ओढून घेण्याचा. शोषक नळीचे तोंड ठिणगीपासून सुमारे एक फुटाच्या आत असेल तरच ती उपयोगाची ठरते; छताला लावलेला पंखा धूर सगळ्यांना वाटून देतो, एवढेच. बार्जच्या टाकीत किंवा बंद खणात उतरायचे असेल तर बाहेरून ताजी हवा आणणारी आणि आतली हवा बाहेर काढणारी सोय झाल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि वर एक माणूस उभा असलाच पाहिजे.

मास्क या दोन्हींनंतर येतो. रुमाल आणि शस्त्रक्रियेचा मास्क या कणांना अडवत नाहीत. किमान एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, आणि रोजचे काम असेल तर बदलत्या गाळण्यांचा रबरी अर्धमुखवटा घ्यावा. तो नाकाभोवती घट्ट बसला पाहिजे; दाढी वाढलेली असेल तर तो गळतो. सांध्याच्या जागेवरचा रंग, प्रायमर आणि जस्ताचा मुलामा आधी घासून काढावा, कारण मुलाम्यासकट वेल्डिंग केले की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. तो ताप एक-दोन दिवसांत उतरतो, पण आज फुप्फुसात बरेच काही गेले, एवढे तो नक्की सांगतो. गूळ खाल्ला किंवा दूध प्याले की धूर उतरतो, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. त्यांची गाठ पडत नाही.

काम संपल्यावर हात आणि चेहरा धुतल्याशिवाय चहा, विडी किंवा जेवण नको. कामाचे कपडे आणि बूट शक्यतो कामावरच ठेवावेत. घरी आणावे लागले तर वेगळ्या पिशवीत आणून वेगळे धुवावेत. बाबा आल्या आल्या त्यांना बिलगणाऱ्या मुलाला तो शर्ट अंगावर असताना उचलून घेऊ नये, हे सांगताना मला वाईट वाटते, पण शिशाच्या कामात मुलांपर्यंत विष पोहोचण्याचा हा ओळखीचा मार्ग आहे. मालकाला विचारायचे असेल तर हेही माहीत असू द्यावे, की १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या, तिसऱ्या अनुसूचीत शिसे, पारा आणि मँगनीज यांच्या विषबाधेची नावे आहेत; म्हणजे असा रुग्ण आढळला तर कळवणे ही कायद्याची अपेक्षा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

चतुर्थीपूर्वीची रंगरंगोटी

जुन्या, पोर्तुगीजकालीन घरांत राहणाऱ्यांसाठी हा भाग सर्वात महत्त्वाचा आहे. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, लाकडी दारे, सज्जाचे कठडे यांवर पिढ्यांचे रंग एकावर एक चढलेले असतात. भारतात घरगुती रंगातील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरवणारे नियम २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या रंगात शिसे आहे असेच गृहीत धरावे, आणि पिवळ्या, तांबड्या व हिरव्या रंगांत अधिक.

आमच्या जुन्या घरी चतुर्थीच्या आधी रंगारी बैठकीची खिडकी कोरड्या पॉलिश-कागदाने घासत होता. दुपारच्या उन्हाच्या तिरिपेत हिरवट पांढरी पूड तरंगत होती आणि खाली जमिनीवर माझी भाची शेंगदाणे वेचून खात होती. त्या पुडीत काय असू शकते, हे शिकवणारी व्यक्ती त्याच खोलीत पेपर वाचत बसली होती. ती मी.

करायचे ते असे. रंगाचा थर घट्ट असेल तर तो खरवडूच नये. वरून नवा हात द्यावा, म्हणजे जुने शिसे खाली बंद राहते. पापुद्रे सुटले असतील तर मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या दिवसांपुरते दुसऱ्या घरी पाठवावे, खाली जाड प्लास्टिक अंथरावे, लाकूड पाण्याने सतत ओले ठेवून खरवडावे, आणि रंगाऱ्याला एन-९५ मास्क द्यावा. कोरडे घासणे आणि ज्योतीने रंग जाळणे हे दोन्ही निषिद्ध. काम झाल्यावर झाडू मारू नये. प्लास्टिक आतल्या बाजूला गुंडाळून पिशवीत बंद करावे आणि जमीन ओल्या फडक्याने दोनदा, दर वेळी पाणी बदलून पुसावी.

आणि काढून टाकलेली रंगीत फळी न्हाणीच्या भाणाखाली जाळू नये. जुन्या लाकडाने अंघोळीचे पाणी तापवायची आपली सवय चांगली आहे, पण रंगीत लाकडातील शिसे धुरात आणि राखेत जाते, आणि तीच राख मग भांडी घासायला किंवा तांबड्या भाजीच्या वाफ्यात पडते. पागाला, म्हणजे मासे पकडायच्या फेकजाळ्याला, लावायची शिशाची वजने जेथे घरी ओतली जातात, तेथे ते काम अंगणातही नको, आणि स्वयंपाकाच्या भांड्यात तर नकोच.

हुमणातला मासा

मासे सोडायचे नाहीत. गर्भातील बाळाच्या मेंदूला माशांतील स्निग्ध आम्ले हवी असतात. प्रश्न फक्त मोठ्या, दीर्घायुषी, दुसरे मासे खाणाऱ्या माशांचा आहे, कारण पारा साखळीत वर चढताना साठत जातो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये जगापुढे आलेली विषबाधा खाडीतील मासे आणि शिंपले खाल्ल्यामुळेच झाली होती. अमेरिकेतील आरोग्य यंत्रणा गरोदर स्त्रियांना शार्क आणि किंग मॅकेरल टाळण्यास सांगतात. आपली मोरी ही शार्क आहे आणि विसवण किंग मॅकेरलच्या जवळच्या नात्यातला. म्हणून गरोदरपणात, स्तनपानाच्या काळात आणि लहान मुलांसाठी मोरी टाळावी, मोठ्या विसवणाचे तुकडे क्वचित आणि रोजच्या हुमणात तारली, बांगडे, मुडदुशे घालावेत. तळल्याने किंवा आंबट घातल्याने पारा कमी होत नाही.

स्वयंपाकघर आणि औषधांचे कपाट

हळद शक्यतो अख्खी घेऊन दळून आणावी, कारण पुडीला चकाकी देण्यासाठी लेड क्रोमेट मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत. कल्हई करणाऱ्याकडे शुद्ध कथिलाचा आग्रह धरावा, शिसे मिसळलेले नको. सुरमा आणि अनोळखी काजळ बाळाच्या डोळ्यांत घालू नये. आमसोल किंवा चिंच घातलेले पदार्थ ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत. मात्र ॲल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो हे सिद्ध झालेले नाही, आणि त्या भीतीने पातेली फेकण्याची गरज नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना मात्र हा धातू खरोखर बाधतो, त्यांनी आम्लपित्ताची ॲल्युमिनियमयुक्त औषधे डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. पाऱ्याचा तापमापक फुटला तर खिडक्या उघडाव्यात, सोने अंगावरून उतरवावे, थेंब जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरावेत. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये.

भस्मांविषयी सावधपणे लिहिते. २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आयुर्वेदावर विश्वास असणाऱ्यांनीही नागभस्म (शिशाचे भस्म) किंवा पारदयुक्त (पारा असलेले) कल्प स्वतःच्या मनाने, विनालेबल पुडीतून आणि महिनोन् महिने घेऊ नयेत. मुलांना तर अजिबात देऊ नयेत.

ताटातले लोह

हा उपाय सर्वात स्वस्त आहे आणि सर्वात दुर्लक्षित. आतड्यात लोह शोषणारी जी वाहक प्रथिने आहेत, त्यांवरूनच मँगनीज आणि शिसेही आत जातात. शरीरात लोह कमी पडले की आतडे हे वाहक वाढवते, आणि मग लोहाबरोबर नको ते पाहुणेही जास्त संख्येने शिरतात. रक्तक्षय असलेली मुलगी आणि भरपूर लोह असलेली मुलगी एकाच विहिरीचे पाणी पीत असतील, तर दोघींच्या मेंदूचा धोका सारखा नसतो.

म्हणून वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे. तांबडी भाजी, कुळीथ, चवळी, सुकी सुंगटे (कोळंबी) आणि तिसऱ्या (शिंपले) आपल्या स्वयंपाकात आहेतच. त्यांच्यासोबत लिंबू, आवळा किंवा पेरू असावा आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा. नाचणीतले कॅल्शियम शिशाचे शोषण कमी करते. उपाशी पोटी शिसे कितीतरी पटींनी अधिक शोषले जाते, म्हणून सकाळी पेज किंवा भाकरी खाऊनच कामावर जावे. लोहाच्या गोळ्या मात्र तपासणीशिवाय घेऊ नयेत, कारण जास्तीचे लोहही पेशीला जाळते, आणि लहान मुलाने चुकून त्या गिळल्या तर जीव जाऊ शकतो. फेणी किंवा कोणत्याही दारूने यकृत बिघडलेल्या माणसाची मँगनीज बाहेर टाकण्याची वाट बंद होते. वेल्डरने दारू सोडण्याचे हे एक स्वतंत्र कारण आहे.

हळदीतील कर्क्युमिन, ई जीवनसत्त्व, एन-ॲसिटिल सिस्टीन यांनी प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींना धातूपासून वाचवल्याचे प्रयोग आहेत. ते खरे आहेत, पण कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे जाते, आणि बशीतील पेशीभोवती यकृत, आतडे आणि मेंदूचा पहारा नसतो. जेवणात हळद घालावी; तिच्या भरवशावर मास्क काढू नये.

लक्षणे आणि तपासणी

मँगनीजची सुरुवात चिडचिड, झोप उडणे, विनाकारण हसू किंवा रडू येणे अशी होते, आणि घरचे लोक त्याला स्वभाव म्हणतात. मग अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, चेहरा थिजतो, आणि उलटे चालताना माणूस पडतो. धोक्याचे काम करणाऱ्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाच वहीत तेच एक वाक्य लिहावे, खाली सही करावी, आणि घरच्या माणसाने त्याला धरायला जवळ उभे राहून अंगणात दहा पावले उलटे चालायला सांगावे. दादांच्या जुन्या पासबुकांवरील सह्या नंतर एका ओळीत लावून पाहिल्या, तेव्हा आठ वर्षांची घसरण स्पष्ट दिसत होती. मुलांत शिशाची लक्षणे बहुतेकदा दिसतच नाहीत, म्हणून जुन्या रंगाच्या घरातील लहान मुलाची रक्तचाचणी लक्षणांची वाट न पाहता करावी. शिशाची सुरक्षित पातळी अशी काही नाही. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक आकडा आल्यास स्रोत शोधून तोडावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रक्त शिरेतून, धातुमुक्त नळीत घेतलेले असावे. मँगनीजचा रक्तातील आकडा लवकर खाली येतो, त्यामुळे काम सुटून काही महिने झाले असतील तर तो फसवतो; मेंदूच्या एमआरआयमध्ये टी-१ प्रतिमेत दोन्ही बाजूंना दिसणारी उजळ छाया तुलनेने नव्या संपर्काची साक्ष देते, पण तीही काम सुटल्यावर काही महिन्यांत विरते. लघवीत आर्सेनिक पाहायचे असेल तर आधी चार-पाच दिवस मासे आणि शिंपले बंद ठेवावेत, नाहीतर समुद्री अन्नातील निरुपद्रवी आर्सेनिकच मोजले जाते, आणि गोव्यात ही चूक सहज होऊ शकते. केसांवरून सगळे धातू सांगणाऱ्या जाहिराती आणि आधी धातू ओढणारे औषध देऊन मग लघवी तपासणारे केंद्र टाळावे. तरुण माणसात कंप, बोबडेपणा आणि यकृताचा त्रास एकत्र दिसले तर विल्सनच्या आजाराची तपासणी व्हावी. त्या आनुवंशिक आजारात तांबे साचते आणि वेळेत ओळखला तर तो औषधांनी आटोक्यात राहतो.

या सगळ्यासाठी न्यूरॉलॉजी विभाग असलेले रुग्णालय गाठावे; बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय त्यासाठी आहे. जाताना कामाचा इतिहास वर्षांसह, वापरलेल्या रॉडच्या खोक्याचे लेबल, पाण्याचा अहवाल आणि ती वही न्यावी. डॉक्टर सहसा वय आणि कंप पाहून पार्किन्सन, म्हणजे हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार, म्हणतात. माणूस वेल्डर आहे हे आपणच सांगितले पाहिजे.

धातू काढणारी औषधे

शिसे, पारा आणि लोह यांना पकडून बाहेर काढणारी औषधे आहेत, आणि ती रुग्णालयातच द्यायची असतात. ईडीटीए हे असेच धातू पकडणारे औषध; कॅल्शियमयुक्त ईडीटीएऐवजी सोडियमचा ईडीटीए दिल्याने रक्तातील कॅल्शियम घसरून अमेरिकेत २००३ ते २००५ दरम्यान मृत्यू झाले, त्यांत मुलेही होती. पार्किन्सनच्या नव्या रुग्णांत मेंदूतील लोह कमी करावे म्हणून डेफेरिप्रोन हे लोह पकडणारे औषध देऊन पाहिलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लोह कमी झाले, पण रुग्णांची लक्षणे औषध न घेतलेल्यांपेक्षा अधिक वाढली. शहरातील ‘डिटॉक्स’ सलाईनच्या पाट्या पाहिल्या की मला ही चाचणी आठवते. मँगनीजच्या बाबतीत ईडीटीएने लघवीवाटे धातू निघतो, काहींना बरे वाटते, काहींना नाही. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाचा उपयोगही बहुधा अल्प किंवा तात्पुरता होतो. दादांना तो झाला नाही. त्यांना व्यायामोपचाराने, म्हणजे रोजच्या धरून चालण्याने, अधिक आधार मिळाला.

औषध सुरू झाले तरी स्रोत आधी तोडावा लागतो. घरात शिशाची पूड असताना ही औषधे घेतली तर सुटका होण्याऐवजी शोषण वाढू शकते. शिसे हाडांत दशकानुदशके राहते आणि उपचार थांबल्यावर तेथून रक्तात परत येते, म्हणून पहिला आकडा खाली आला की फाइल बंद करू नये. उपचारानंतर दोन ते चार आठवड्यांत आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या अंतराने रक्त पुन्हा तपासावे, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्याच वहीत, त्या महिन्याच्या वाक्याखाली लिहून ठेवावी.